शेपटीवर बसलेले विमान

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला भाषणाचा विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर स्तब्ध झाले. या व्यासपीठावरून आजवर विद्यार्थी-साहाय्य, वधूवर-सूचना, वृद्धांचे आरोग्य अशा उपयुक्त विषयांवर अधिकारी वक्ते बोलत आले. आणि एक निवृत्त बँक कर्मचारी म्हणतो की, मी खेळण्यातील विमान कसे जोडले हे सांगणार! चिटणीस सज्जन, त्यामुळे ते एवढेच म्हणाले, "बोला, पण अर्ध्या तासात आटपा." त्यांची ही मर्यादा मी पाळीन. विमान पुरे करायला मात्र मला सत्तावन्न वर्षे लागली, तेवढी सवलत आपण द्यावी.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडांसाठी अशा पेट्या आल्या असतील. पेटीवर धुराच्या लोटांतून झेपावणाऱ्या विमानाचे रंगीत चित्र, आणि आत प्लास्टिकच्या काड्यांना लगडलेले शेकडो बारीक भाग. ते एकेक सोडवायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. माझी पेटी एअरफिक्स या इंग्लिश कंपनीची होती, आणि विमान होते लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनांचे बॉम्बफेके. प्रमाण ७२ ला १. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर एका इंचात सहा फूट. खऱ्या लिबरेटरच्या पंखांचा विस्तार ११० फूट, म्हणून प्रतिकृतीचा सवाअठरा इंचांहून किंचित अधिक. या प्रमाणात साडेपाच फुटांचा माणूस इंचभरही भरत नाही. आणि जोडताना अर्ध्या मिलिमीटरची चूक राहिली, तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ दीड इंचाची पायरी होईल. हे गणित मनात ठेवावे, म्हणजे पुढची कटकट का झाली ते ध्यानात येईल.

ही पेटी आमच्या घरी आली १९६६ साली, माझ्या धाकट्या काकांमुळे. काका १९५० मध्ये हवाई दलात भरती झाले. वैमानिक म्हणून नव्हे, एअरफ्रेम फिटर म्हणून. म्हणजे विमानाचे धड, पंख, चाके, पत्रे यांची निगा राखणारा कारागीर. मॅट्रिकला दोनदा नापास झालेला मुलगा, त्यामुळे घरात त्यांच्या नोकरीचा उल्लेख "तो तिकडे लोहगावला असतो" एवढाच होई. वडील सरकारी कचेरीत, थोरले काका वकील. त्या वर्षीच्या आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील गुणिजनांची यादी छापली होती. वडिलांचे नाव होते, थोरल्या काकांचे होते. धाकट्या काकांचे नव्हते, आणि ते नसावे यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. मी तेरा वर्षांचा होतो.

पुण्याजवळच्या लोहगाव तळावर १९५१ पासून हवाई दलाच्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे लिबरेटर विमाने होती. समुद्रावर लांबवर टेहळणी करणे हे त्यांचे काम. पेठेतील आमच्या वाड्याच्या गच्चीवरून ती दिसत. लांब, अरुंद, सरळ पंख. पोट सुटलेले धड. आणि शेपटीला दोन उभी पाती. लिबरेटर हे देखणे विमान नव्हे. काका म्हणत, "मालगाडीच्या डब्याला कोणीतरी फार चांगले पंख लावलेत." पंख खरोखरच असामान्य होते. डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकाच्या आराखड्यावर ते बेतले होते, आणि त्यांच्यामुळेच हे विमान इतर बॉम्बफेक्यांहून दूरवर जाऊ शके. २९ डिसेंबर १९३९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. पुढे युद्धकाळात अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. मोटारी बनवणाऱ्या फोर्ड कंपनीचा मिशिगनमधील कारखाना १९४४ मध्ये तासाला एक लिबरेटर बाहेर काढीत होता. बॉम्ब ठेवण्याच्या पोकळीची दारे दुकानाच्या शटरसारखी वर गुंडाळली जात, आणि त्या पोकळीतून पुढून मागे जायला मधोमध वीतभर रुंदीची फळी होती. काका या फळीवरून दिवसातून वीस वेळा ये-जा करीत.

आमच्या हवाई दलाकडे ही विमाने कशी आली, ती हकिकत काकांनी वरिष्ठांकडून ऐकली होती आणि ती ते रंगवून सांगत. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने आपली पुष्कळ लिबरेटर कानपूरला आणून सोडली. ती अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर घेतलेली. करारान्वये एक तर ती परत करायची, नाही तर निकामी करायची. म्हणून ती मुद्दाम मोडली गेली. पत्र्यांना भोके पाडली, उपकरणे कुदळीने फोडली, इंजिनांत वाळू ओतली. १९४८ मध्ये, देश स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, आमच्या हवाई दलाला जड बॉम्बफेकी विमाने हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनी कानपूरच्या त्या भंगारात हात घातला. हा कारखाना १९४० मध्ये काढला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, हे अनेकांना ठाऊक असेल. एका विमानाचे चाक, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याचा पत्रा असे करीत त्यांनी एकेक विमान एका उड्डाणापुरते उभे केले, आणि कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला, सुमारे दीड हजार किलोमीटर, उडवत नेली. तिथे ती पुरती उलगडून पुन्हा बांधण्यात आली. अशी सुमारे चाळीस विमाने तयार झाली, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांवर पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. ज्यांनी ती मोडली होती त्यांचा या बातमीवर प्रथम विश्वासच बसला नाही, असे काका सांगत, आणि हे वाक्य सांगताना ते हटकून मिशीवरून हात फिरवीत.

काकांच्या ओळखीचे एक अधिकारी प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. त्यांच्याकरवी काकांनी ही पेटी मागवली. तिचे पैसे त्यांनी कसे जमवले हे मला पुढे कधी कळले नाही. रविवारी ते वाड्यात येत आणि जेवणानंतर माजघरात वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघे बसत असू. भाग तोडायचा नाही, कापायचा. कापलेली जागा कानसीने घासायची. गोंद लावण्यापूर्वी दोन भाग कोरडेच जुळवून पाहायचे. हे तिन्ही नियम मी पहिल्याच रविवारी मोडले आणि तिन्ही वेळा त्यांनी काही न बोलता तो भाग माझ्या हातातून काढून घेतला.

चौथ्या-पाचव्या रविवारी धडाच्या दोन बाजू तयार झाल्या. आतला वैमानिकांचा कक्ष काकांनी स्वतः रंगवला होता. जाताना त्यांनी बजावले, "या दोन बाजू मी आल्याशिवाय चिकटवू नकोस. नाकात शिसे भरायचे आहे. नाही तर हे शेपटीवर बसेल."

इथे थोडे यंत्रशास्त्र सांगितले पाहिजे. जुन्या बहुतेक विमानांचे तिसरे चाक शेपटीखाली असे. लिबरेटरचे तिसरे चाक नाकाखाली. मुख्य दोन चाकांच्या पुढे वजन अधिक असेल तोवर ते सरळ उभे राहते; मागे अधिक झाले की बसलेच. खऱ्या विमानातही मागच्या बाजूला माणसे गोळा झाली तर नाक वर उचलले जाई, म्हणून जमिनीवर उभे असताना शेपटीखाली टेकू लावीत. प्रतिकृतीत इंजिने पोकळ, म्हणजे पुढचे सगळे वजन गेलेले. त्यामुळे नाकात शिसे भरणे अनिवार्य. आणि ते धड बंद करण्यापूर्वीच भरावे लागते. नंतर वाट नाही.

पुढच्या रविवारपर्यंत माझ्याने थांबवले नाही. शाळेतला एक मित्र बुधवारी घरी येणार होता, त्याला विमान दाखवायचे होते. मंगळवारी रात्री मी दोन्ही बाजू चिकटवल्या, पंख लावले, चाके लावली. शिसे माझ्याकडे नव्हते. मित्र आला तेव्हा मी शेपटीखाली खोडरबर ठेवला होता.

रविवारी काका आले. त्यांनी विमान उचलले, सगळीकडून पाहिले आणि विचारले, "शिसे भरलेस?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी खोडरबर काढला. विमान मागे कलले आणि टक् असा आवाज करून शेपटीवर बसले. काका रागावले नाहीत. काही वेळाने ते म्हणाले, "आमच्याकडे सातशे नंबरचा फॉर्म असतो. विमानावर काम केले की त्यात सही करायची. सहीचा अर्थ, मी आत हात घालून पाहिले आहे. त्या सहीवर वैमानिक बसतो. तो स्वतः आत पाहत नाही." एवढेच बोलून त्यांनी ते विमान, उरलेले भाग, गोंदाची नळी सगळे पेटीत भरले, सुतळी बांधली आणि पेटी पोटमाळ्यावर ठेवली. पुढच्या रविवारी ते आले, जेवले, वडिलांशी गप्पा मारून गेले. विमानाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही.

१९६८ च्या अखेरीस लिबरेटर विमाने सेवेतून निवृत्त झाली. पुढच्या वर्षी काकाही हवाई दल सोडून पिंपरीला एका कारखान्यात लागले. १९९१ मध्ये ते वारले. मधल्या पंचवीस वर्षांत आम्ही शेकडो वेळा भेटलो, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढले, ते आजारी असताना रात्री रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसलो. ते एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागला असता? पण तेरा वर्षांच्या मुलाचे खोटे चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने उकरून काढावे, हे दरवेळी हास्यास्पद वाटले.

२०१९ मध्ये वाडा पाडायचे ठरले. पोटमाळा रिकामा करताना पितळेचे बंब, मोडका पाळणा, पंचांगांची चळत यांच्या मागे ती पेटी निघाली. सुतळी तीच. मी पेटी नव्या जागेत आणली आणि कपाटात ठेवून दिली. पुढल्या वर्षी टाळेबंदी लागली, आणि घरी बसून वर्तमानपत्रातील आकडे वाचण्यापेक्षा काहीही बरे, अशा मनःस्थितीत मी ती सोडली.

आतली अवस्था सांगतो. पंख धडापासून निखळलेले. गोंदाचे ओघळ पिवळे पडून कडक झालेले. पारदर्शक भागांवर ओरखडे. नाकाची पुढची काच बेपत्ता. पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे तडकलेली. आणि धड मात्र, मी रात्री घाईने चिकटवलेले, पक्के बंद.

येथवर आल्यावर सोपा मार्ग होता. विमान कायमचे काठीवर चढवून उडते दाखवावे, म्हणजे तोलाचा प्रश्नच मिटतो. दुसरा मार्ग, शेपटीखाली छोटा टेकू. तो तर खऱ्या विमानालाही लावीत, म्हणजे इतिहासाशी सुसंगत! मी दोन दिवस या युक्तिवादाने स्वतःची समजूत घालीत होतो. तिसऱ्या दिवशी धड उघडायचे ठरवले.

आता अडचण अशी की, या कामाचा गोंद हा खरा गोंदच नव्हे. तो प्लास्टिक विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर एकजीव होतात. लोखंडाच्या सांध्याला झाळ मारावी तसे. चिकटवलेला लाकडी सांधा वाफेवर सुटतो, हा सुटत नाही. जाणत्या एका गृहस्थांनी सांगितले की विमान रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. थंडीने सांधा ठिसूळ होतो. त्यानुसार ते मटाराच्या पिशवीशेजारी ठेवले. सौभाग्यवतींनी सकाळी कप्पा उघडला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत काढा."

थंडीने शेपटीकडचा थोडा सांधा सुटला. बाकीचा मी पात्याच्या पाठीने ओढून ओढून खोदला. धारेने नव्हे, पाठीने. धार भरकटते आणि पत्र्यात शिरते, पाठ सरळ रेघ खरवडत नेते. जिथे गोंद अधिक ओतला होता तिथे केसासारखे बारीक पाते असलेली करवत चालवावी लागली. रोज अर्धा तास. त्याहून अधिक केले की हात थरथरू लागे आणि थरथरत्या हाताने हे काम करू नये. अकराव्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, कट् असा आवाज झाला आणि धडाच्या दोन बाजू वेगळ्या झाल्या.

वैमानिकांच्या कक्षाचा हिरवा रंग, जो काकांनी लावला होता, तो चोपन्न वर्षांत सूर्यप्रकाश न लागल्यामुळे तसाच ताजा होता. आणि त्या कक्षाच्या पुढे, नाकाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे पेन्सिलीने एकेक बारीक फुली काढलेली होती. शिसे कुठे भरायचे ती जागा.

मी ती फुली त्या रात्री पाहिली असलीच पाहिजे. आठवत नाही.

त्यानंतरचे काम भराभर झाले असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. ते सहा महिने टेबलावर तसेच पडून होते आणि त्याचे कारण मी सांगू शकत नाही. मग एके दिवशी नात, माझ्या मुलीची मुलगी, आली आणि म्हणाली, "आजोबा, याला किती शिसे लागेल ते मोजता येईल ना?" ती तेव्हा बाराव्या वर्षात होती. तिच्यामुळे पुन्हा आरंभ झाला. सारे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडले, मुख्य चाके जिथे येतात त्या रेषेखाली पेन्सिल ठेवली आणि नाकावर कागदाच्या पुडीत एकेक शिशाची गोळी टाकत गेलो. नाक खाली झुकले तेव्हा पुडी वजन केली, चाळीस ग्रॅम. रंगाचे आणि लांबीचे वजन बहुतांशी मागे वाढणार, हे धरून पन्नास घेतले. शिसे म्हणजे मासेमारीच्या गळाला लावतात ती वजने. नाकात तेवढी जागा नव्हती, म्हणून काही आतल्या दोन इंजिनांच्या तोंडाशी बसवली. तीही मुख्य चाकांच्या पुढेच येतात.

शिसे कशाने चिकटवावे याबद्दल एक सूचना देतो, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. घरात असतो म्हणून पांढरा फेव्हिकॉल वापरू नये. बंद जागेत शिशावर त्याची हळूहळू प्रक्रिया होते, पांढरी भुकटी तयार होऊन फुगते, आणि काही वर्षांनी विमानाचे नाक आतून फुटते. दोन नळ्यांचे अ‍ॅराल्डाइट वापरावे. याउलट पारदर्शक काचा बसवायला फेव्हिकॉलच उत्तम. तिथे प्लास्टिक विरघळवणारा गोंद लावला तर काच कायमची बिघडते. ओरखडे दात घासण्याच्या पेस्टने घासून जातात, हे मला खोटे वाटले होते. जातात.

धड पुन्हा बंद करण्यापूर्वी मी एक गोष्ट केली. शिसे बसवल्यावर दोन्ही फुल्या झाकल्या जाणार होत्या. म्हणून त्यांच्या मागे थोडी जागा सोडून पेन्सिलीने तारीख आणि माझी आद्याक्षरे लिहिली. नातीने विचारले, "हे कोणाला दिसणार?" मी म्हणालो, "कोणालाच नाही." तिने मग स्वतःचेही लिहिले.

पुढची दोन वर्षे मी थोडक्यात सांगतो; ज्याला या कामाची आवड नाही त्याला ती रुक्ष वाटतील, आणि ज्याला आहे तो ती जाणतोच. करवतीने खाल्लेल्या कडांत लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. या जुन्या साच्यात सगळ्या पत्र्यांवर उठावदार रिव्हेट असतात. घासताना सांध्यालगतचे सगळे गेले, ते मी परत आणले नाहीत. पंख पुन्हा निखळू नयेत म्हणून आडवी पितळी सळई घातली. नाकाच्या काचेसाठी लाकडाचा ठोकळा कोरून त्यावर मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण तापवून ओढले. नऊ वेळा फसले. चंदेरी रंगाची गंमत तर अशी की, हिरव्या किंवा तपकिरी रंगाखाली जे दोष झाकतात, ते सगळे चंदेरी रंग आरशासारखे वर काढतो. पहिला हात दिल्याबरोबर नाकापासून शेपटीपर्यंत माझा जुना सांधा रेघेसारखा उमटला. रंग काढला, लांबी भरली, आठशेचा आणि मग बाराशेचा वॉटर पेपर पाण्यासह फिरवला, पुन्हा रंग. तिसऱ्या खेपेस रेघ गेली.

पेटीतील चिन्हे चांगली असती तरी निरुपयोगीच होती, कारण मला आपल्या हवाई दलाचे विमान करायचे होते. केशरी, पांढरे आणि मध्ये हिरवे अशी वर्तुळे नातीने संगणकावर आखली. छापून लावली तर चंदेरी पत्र्यावर केशरी रंग काळवंडला, कारण छापयंत्राला पांढरा रंग ठाऊक नसतो. मग आधी पांढरी वर्तुळे रंगवून त्यांवर ती बसवली.

अंगावरचा क्रमांक एचई ८०७. काकांच्या वहीत तो आहे, म्हणून घेतला. नंतर समजले की हेच विमान १९७४ मध्ये आपल्या हवाई दलाने ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाला भेट दिले, ते उडत इंग्लंडला गेले, आणि आज लंडनमधील हेंडन येथे उभे आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या पिमा संग्रहालयात आणि कॅनडात ओटावा येथे जी लिबरेटर आहेत, तीही आपल्याकडूनच गेलेली. युद्धानंतर सगळ्यांनी आपापली भंगारात काढली; आमच्याकडे गरिबीमुळे १९६८ पर्यंत उडत राहिली, म्हणून पाश्चात्त्यांना दाखवायला उरली.

२०२३ च्या डिसेंबरात शेवटचा पंखा बसवला. टेबलावर ठेवले. तिन्ही चाकांवर उभे राहिले. मी आणि नात दोघेही बराच वेळ हात पुढे धरून होतो.

दुसऱ्या दिवशी ते एका खोक्यात घालून मी काकूंकडे गेलो. काकू शहाऐंशी वर्षांच्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना बारीक दिसते, आणि त्याचा त्या पुरेपूर उपयोग करतात. मी त्यांना सगळे सांगितले. मंगळवारची रात्र, खोडरबर, माझे "हो". त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे. ते त्याच रविवारी सांगत होते." आणखी काही नाही.

मग त्यांनी विमान हातात घेतले, उलटे केले, पंखांच्या खालची बाजू खिडकीकडे धरली.

"अरे, पण हे इतकं स्वच्छ कसं?"

मी म्हणालो, "काकू, तीन वेळा रंग दिलाय."

"ते असं नव्हतं रे. मी बारा वर्षं त्यांचे कपडे धुतलेत. तेल, पेट्रोल, कसला कसला काळा चिकटा. साबणाच्या वड्या संपायच्या. खाली झोपून काम करायचे, तर सगळं अंगावर गळायचं." त्यांनी बोट ठेवले, डावीकडून मोजत. "एक, दोन, हे तिसरं. हे फार गळायचं म्हणत. सारखी तक्रार याचीच."

तीन क्रमांकाच्या इंजिनावरच हायड्रॉलिक पंप असतो, हे मी पुस्तकात वाचले होते. काकूंनी ते पुस्तक वाचलेले नव्हते.

मी विमान परत घरी आणले. काळा आणि तपकिरी तैलरंग पातळ करून, चारही इंजिनांच्या मागे पंखाखाली, वाऱ्याच्या दिशेने ओढले. तिसऱ्याच्या मागे अधिक, पार पंखाच्या मागच्या कडेपर्यंत. तीन वर्षे ज्या पृष्ठभागावर धुळीचा कण बसू दिला नव्हता, त्यावर कुंचल्याने डाग पाडताना हात अडखळला, हे कबूल करतो. नात शेजारी उभी राहून सांगत होती, "आजोबा, अजून थोडं."

पुढच्या रविवारी काकूंना पुन्हा दाखवले. त्यांनी उलटे करून पाहिले आणि ते आपल्या खिडकीतच ठेवून घेतले. ते सध्या तिथे आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सकाळी दहानंतर जावे; त्याआधी त्या पूजेत असतात.